न्दुगू कासमला सलाम

त्या खोलीच्या छताला अजून आफ्रिकेचे लाकूड आहे.

नातवाचे रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये काम होते. मी गाडीत बसलो, एवढेच. वाटेत उम्म अल कुवैनची खाजणे मागे पडली आणि डोंगर दिसू लागले. त्यांच्या पायथ्याशी सिमेंट कारखान्यांची धूळ होती. मी त्याला खाडीच्या तोंडाशी थांबायला सांगितले. जुन्या गावाची डागडुजी चालली आहे. आमच्या दुकानाभोवती पत्र्याचे कुंपण आहे. "अंदर कुछ नहीं है, चाचा," असे म्हणत रखवालदाराने आत सोडले.

आत खरोखर काही नव्हते. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, एक खिडकी, एक दार, आणि वर खारफुटीच्या काळ्या पडलेल्या काठ्यांची रांग. या काठ्यांना आम्ही चंदल म्हणत असू. त्या गलबतातून येत, लवंगांच्या पोत्यांखाली दबून, आणि घरांच्या छतांवर चढत. गावातल्या प्रत्येक खोलीची रुंदी चंदलच्या लांबीवरून ठरलेली असे. मी वर पाहत उभा राहिलो. थोड्या वेळाने वास आला. लवंगेचा. तो छताचा होता की माझ्या डोक्यातला, याचा निवाडा मी करीत नाही.

"दादा, इट्स जस्ट अ रूम," नातू दारातून म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "खोलीच आहे."

तो फोनवर बोलत गाडीकडे गेला.

त्या काळी वर्षाला दोनच ऋतू होते. गलबते जाण्याचा आणि गलबते येण्याचा. थंडी पडली की वारा ईशान्येकडून वाहू लागे. खजुराच्या गोण्या भरून गलबते आफ्रिकेकडे निघत. मग खाडी रिकामी होई. पुढे उन्हे तापली की वारा फिरे, आणि दक्षिणेकडच्या पाण्यावर एक पांढरा ठिपका दिसे. पोरे ओरडत किनाऱ्याकडे धावत. बायका छतांवर चढत. आम्ही दुकानातून उठत नसू. गलबत आधी वासाने पोचत असे. लवंगा, खोबरे, माशाच्या तेलाने माखलेले लाकूड, आणि महिनोन्महिने मिठात राहिलेल्या माणसांचा घाम.

दुकान शिडांचे होते. माझ्या मामूंनी ते रत्नागिरीहून येऊन मांडले होते. मी मामूंच्याच, तिकडच्या खाडीकाठच्या गावातला. विशीत आलो आणि दाभण हातात धरले. तेव्हा इथे आजचा देश नव्हता. किनारा होता, शेख होते, आणि बाजारात आपलाच रुपया चालत होता. वीज नव्हती. पाणी गाढवावरून येई. जाड सुती कापडाचे पट्टे वाळूवर अंथरून आम्ही एका रांगेत बसत असू, तळहातावर चामड्याची पट्टी बांधून, मेण लावलेला दोरा दातांत धरून. टाका, ओढ, टाका, ओढ. दिवसभर दुसरा आवाज नसे. आता शीड शिवणारा माणूस या किनाऱ्यावर मला माहीत नाही. इंजिने आली आणि शिडे छपरांवर ताडपत्री म्हणून गेली.

ज्या वसंतात कासम आला, त्या वर्षी लवंगांचा वास कमी होता. गलबतात माल थोडा आणि माणसे जास्त होती.

ज्या बेटावरून ती आली त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे लवंगांचे बेट, एवढ्यावर वाचकाला कळेल. नाव न घेण्याची सवय मला दुसऱ्या कोणाकडून लागली आहे. ते पुढे येईल.

कासम उंच, वाकलेला, पन्नाशीचा होता. हातात बोचके नव्हते. कमरेला चामड्याची पट्टी होती, शीड शिवणाऱ्याची. ती पाहून मामूंनी त्याला आत बोलावले. तो बोलू लागला आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. तो कोकणी बोलत होता. त्याचा आजा रत्नागिरीकडच्या आमच्याच खाडीवरून आफ्रिकेला गेला होता. त्याच्या बोलण्यात असे शब्द होते जे आमच्या गावात फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरले होते, आणि मधूनमधून स्वाहिली.

"या भाई, बसा," मी म्हणालो.

तो बसत होता तो उभा राहिला. दाराकडे पाहिले. खिडकीकडे पाहिले.

"मना भाई म्हणू नको," तो म्हणाला.

आमच्या लोकांत दुसरे संबोधन नाही. वाण्याला भाई, न्हाव्याला भाई, भांडतानाही आधी भाई. मामू हसले. "मग काय साहेब म्हणायचं तुम्हाला?"

"काय बी म्हण. नायतर नुसता खोक. मी बघीन."

मामूंनी ते मनावर घेतले. त्या दिवसापासून कासमला बोलवायचे असले की मामू खोकत. जेवण आले, खोकला. दोरा संपला, खोकला. चुकून खरा खोकला आला तरी कासम मान वर करी आणि मामू म्हणत, "तुझं नाय, हे माझं." मी मात्र त्याला चाचा म्हणू लागलो. त्याला त्याने हरकत घेतली नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात आली. तो लाल कापडाला हात लावीत नसे. इथल्या शेखांचे निशाण लाल-पांढरे आहे. गलबतांसाठी ती निशाणे आमच्याकडे शिवायला येत. कासम तो कपडा पायाने माझ्याकडे सरकवी. मी विचारले नाही. शिवणाऱ्या माणसांत विचारण्याची पद्धत नसते. टाके एका लयीत पडू लागले की गोष्ट आपोआप निघते.

ती उन्हाळ्यात निघाली. सगळे गाव खजुराच्या बागांत गेले होते. गरम वारा दारातून आत येई आणि अंथरलेल्या कापडाचा काठ उचलून ठेवी. कासम खाली मान घालून बोलत होता.

बेटावर प्रत्येक घरापुढे दगडी ओटा असे. संध्याकाळी सगळी गल्ली ओट्यावर. कॉफीवाला पितळी पेले एकमेकांवर वाजवीत येई, तो आवाज ऐकून मुले झोपेतून उठत. सूर्य मावळला की राजवाड्यातून तोफ होई आणि सुलतानाचे निशाण उतरे. ते निशाण नुसते लाल होते, त्यावर चिन्ह नाही, अक्षर नाही. ते कासम शिवी. त्याआधी त्याचा बाप शिवीत असे. सुलतानाची गाडी गल्लीतून गेली की ओट्यावरची माणसे उठून उभी राहात.

"आणि नाही उठलं तर?" मी विचारले.

"कोण नाय उठलेला आमी बघितलाच नाय."

त्याने दोरा ओढला. मग सांगितले की एके पहाटे गोळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी तोफ झाली नाही. सुलतान जहाजात बसून गेला. घरात लाल कापडाचा एक पूर्ण तागा पडून होता, राजवाड्यासाठी आणलेला. त्याची मुलगी जोहरा, शाळेत शिकविणारी, तो तागा उचलून मिरवणुकीला घेऊन गेली. त्याचीच निशाणे झाली. ती त्यानेच शिवून दिली, कारण मुलीने सांगितले आणि तिचे डोळे तसे होते. जोहरा ओट्यावर उभी राहून वर्तमानपत्र मोठ्याने वाची, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आता कोणी कोणासाठी उठायचे नाही, असे ती सांगे. गल्लीतल्या बायका ऐकायला येत.

"आवाज कसा, तर हिकडं बोलली की धक्क्यावर ऐकू जाय," तो म्हणाला. एवढेच सांगताना त्याचा चेहरा सैल झाला.

"आणि राहिलेलं कापड?"

"त्याच्या दंडाला बांधायच्या पट्ट्या झाल्या. गल्लीच्या तोंडाला उभी राहणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी."

त्या पट्ट्या त्याने शिवल्या का, हे त्याने सांगितले नाही. शेजारची घरे रिकामी होऊ लागली, तेव्हा तो सालिम नाखुद्याच्या गलबतात चढला. जोहरा आली नाही. तिने धक्क्यापर्यंत येऊन त्याला सांगितले की घाबरून पळणे ही जुनी सवय आहे, ती सोडायला हवी. त्याने तिला विचारले की शहाणपण कुठून विकत आणलेस. हे त्यांचे शेवटचे बोलणे.

एकुलती एक. आई नव्हती.

सालिम हा इथलाच, या खाडीवरचा. गलबताचा मालक आणि कप्तान, म्हणजे नाखुदा. रुंद छातीचा, कमी बोलणारा. दरवर्षी तो बेटावर जाई आणि परत येई, आणि कासमची सगळी वर्षे त्या एका गलबताला बांधलेली होती.

इथे एक रिवाज सांगायला हवा, तो आता उरलेला नाही. नाखुदा किनाऱ्यावर उतरला की आधी सलाम, मग माल. परक्या बंदरातून ज्यांनी सलाम पाठवले असतील ते तो ओल्या कपड्यांनिशी, वाळूत उभा राहून, एकेकाला पोचवी. ज्या शब्दांत दिला त्याच शब्दांत. भर घालायची नाही, गाळायचे नाही, अर्थ सांगायचा नाही. तो सलाम अमानत असे, सोन्याच्या डब्यासारखी. अनेक बायकांनी नवऱ्याची भाषा नाखुद्यांच्या तोंडून ओळखली आहे.

पहिल्या वर्षी सालिमने कासमपुढे उभे राहून सांगितले, "बाबांना सलाम. शाळा भरते. मी आता बायकांनाही शिकवते. इथे उजाडते आहे. राग सोडा आणि परत या."

कासमने मान हलवली. दुकानात येऊन त्याने दिवसभर शिवले आणि एक दाभण मोडले. संध्याकाळी मामू खोकले. कासमने वर पाहिले.

"पोरगी बापावर गेली आहे," मामू म्हणाले. "दोघांना सांगता येत नाही."

कासम हसला नाही, पण त्या रात्री तो जेवला.

'बाबा' हा शब्द स्वाहिलीतही तोच आहे. तिकडे आणि इकडे सारखाच. त्या वर्षी मला हे गमतीचे वाटले होते.

दुसऱ्या वर्षी सालिमचे गलबत आले तेव्हा कासम तापाने पडला होता. मी किनाऱ्यावर गेलो. गलबतांच्या तळांना चुना आणि चरबी फासण्याचा तो हंगाम. सगळा किनारा त्या आंबट वासाने भरलेला. सालिमने माझ्याकडे पाहिले, मग आजूबाजूला. आपल्या गावात, आपल्या वाळूवर, त्याने आजूबाजूला पाहिले.

"न्दुगू कासमला सलाम," तो म्हणाला. "काम चालू आहे. सर्व ठीक आहे."

एवढेच. न्दुगू हा शब्द मला येत होता. गलबतांवरचे खलाशी तो वापरीत. त्याचा अर्थ भाऊ. मी धावत दुकानात आलो आणि म्हणालो, "चाचा, तुमच्या भावाने सलाम पाठवला आहे. तिकडे सर्व ठीक आहे."

मामू खूश झाले. "अरे, भाऊ पण आहे? एवढे दिवस लपवलास. वाटणी मागेल म्हणून काय?" त्यांनी कॉफीची किटली उतरवली.

कासम चटईवर उठून बसला.

"मना भाऊ नाय," तो म्हणाला.

"न्दुगू कासम, असं स्पष्ट म्हणाला सालिम."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग भिंतीकडे तोंड करून निजला. मामू किटली हातात घेऊन उभेच राहिले. कॉफीचा वास खोलीभर झाला आणि ती कोणी प्यायली नाही.

अर्थ मला नंतर कळला, थोडा थोडा. त्या बेटावर हा शब्द आता नात्याचा उरला नव्हता. सर्वांनी सर्वांना तेच म्हणायचे होते. शिपायाने दार ठोठावताना तेच म्हणायचे, कचेरीत नाव पुकारताना तेच, एखाद्याला गाडीत बसायला सांगताना तेच. चला भाई. मुलीने बापाला तेच म्हटले, याचा अर्थ सलाम देताना जवळ तिसरे कोणी उभे होते. कासमला तो तिसरा माणूस दिसला होता. मला भाऊ दिसला.

तिसऱ्या वर्षी सालिम उतरला आणि कासमसमोर उभा राहिला. डोक्यावरचा कपडा काढला, पुन्हा बांधला. सलाम दिला नाही.

"बोल," कासम म्हणाला.

"बाजारात दिसली. मी जवळ गेलो. ती म्हणाली, मी तुम्हाला ओळखत नाही."

"कशी म्हणाली?"

"हळू. माझ्याकडे न बघता."

कासमने वाळूकडे पाहिले. भरतीचे पाणी त्याच्या पायाशी येऊन गेले.

"म्हणजे आहे," तो म्हणाला.

त्यानंतरचा हिवाळा मला नीट आठवतो. सकाळी डोंगरांवर जांभळे धुके असे. वाळलेल्या माशांचे ढीग, शेकोटीचा धूर, खजुराच्या पाकाचे चिकट हात. सालिमने नवे शीड सांगितले होते. ते कासमने एकट्याने शिवले, आणि शेवटच्या कोपऱ्याशी आल्यावर पांढरा दोरा ठेवून डांबरात बुडविलेला काळा दोरा घेतला.

त्याच्या घराण्याचा एक टाका होता. चार टाके पुढे घेऊन एक उलटा, मागे वळून आधीच्या टाक्याच्या पोटात. शिवण त्यामुळे सापाच्या पाठीसारखी दिसे. वाऱ्याला ती अधिक पक्की, पण वेळखाऊ. दुसरे कोणी ती घेत नसे. बेटावर हा टाका दोघांनाच येत होता. जोहरा लहानपणी बापाच्या मांडीशी बसून तो शिकली होती.

मामूंनी शीड पाहिले आणि कपाळाला हात लावला. "हे शीड आहे की बाईची गोधडी? पांढऱ्यावर काळं. लांबून दिसेल."

"दिसू दे," कासम म्हणाला.

मामूंना कळले. ते खोकले, पण बोलवण्यासाठी नव्हे. सालिमने शीड हातावर घेऊन तो कोपरा अंगठ्याने चाचपला. माणूस लपवून आणताना पकडले गेले तर गलबत जाणार होते, आणि खलाशांसह तो स्वतःही. हे सगळ्यांना ठाऊक होते.

"मी शीड घेतले," तो म्हणाला. "त्यावर काय आहे ते मला दिसत नाही. म्हातारा झालो. खलास."

तो तेव्हा चाळिशीचा होता.

गलबते गेली. खाडी रिकामी झाली. त्या हिवाळ्यात कासम काही मागत नव्हता, काही सांगत नव्हता. एकदा शेखांची गाडी बाजारातून गेली आणि तो शिवता शिवता ताडकन उठला. "बस रे, इथे नुसता सलाम कर आणि बस," मामू म्हणाले. तो बसला. पुढचा टाका सरळ होता.

उन्हे तापली. वारा फिरला. इतर गलबते आली. काहींवर शिडे गुंडाळलेली होती आणि मागे इंजिन धडधडत होते. खाडीत डिझेलचा वास पहिल्यांदा त्या वर्षी आला. सालिम आला नाही. छतांवरच्या बायका उतरून घरी गेल्या. पोरांना दुसरे खेळ मिळाले. कासम रोज दुपारी खाडीच्या तोंडाशी जाऊन उभा राही आणि मामू त्याच्या वाट्याचे काम माझ्याकडे सरकवीत. तक्रार मी केली नाही. मलाही आता ते गलबत हवे होते.

ते एका ढगाळ दुपारी आले. शीड उतरेपर्यंत आम्ही काळी शिवण शोधत होतो. शिवण होती. मग खलाशी पाण्यात उतरले, पोती उतरली, आणि पोत्यांमागून एक बाई उठून उभी राहिली. काळा बुरखा मिठाने पांढरा पडला होता. ती कोणाचा हात न धरता कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली.

सालिमने रिवाज मोडला नाही. ओल्या कपड्यांनी कासमपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "सलाम घेऊन आलो आहे. तो स्वतःच बोलेल."

ती बापासमोर थांबली. किनाऱ्यावर वीस-पंचवीस माणसे असतील, सगळी आपली, सगळी डोळे पुसत उभी. तिने त्या प्रत्येकाकडे एकदा पाहिले. मग खाली पाहत, ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली:

"न्दुगू कासम."

कासम, ज्याने आमच्यापैकी कोणाला तो शब्द म्हणू दिला नव्हता, त्याने मान लववली.

"जी," तो म्हणाला. "चला. घर जवळ आहे."

ती आमच्या दुकानामागच्या खोलीत राहू लागली. बापाशी बोलायचे तर दार लावून, खिडकी लावून, तोंड कानाशी नेऊन. उन्हाळा चढत होता. त्या बंद खोलीत दोघांचे कपडे घामाने भिजत, पण खिडकी उघडत नसे. दिवसा, माणसांत, ती त्याला न्दुगू म्हणे. मामूंनी समजावले की इथे कोणी ऐकत नाही. तिने त्यांच्याकडे दयेने पाहिले. इथे कोणी ऐकत नाही असे म्हणणारी माणसे तिने पुष्कळ पाहिली होती.

तिकडचे तिने एकदाच सांगितले, पुष्कळ वर्षांनी, मला. शाळेत रोज पहिल्या तासाला मुलांना विचारायचे असे: काल रात्री घरी काय बोलणे झाले? मुले हात वर करीत. चांगले सांगणाऱ्याला शाबासकी द्यायची असे. ती शाबासकी तिने दिली होती. ओटे नंतर ओस पडले. कॉफीवाला पेले न वाजवता जाऊ लागला, आणि एके दिवशी जायचा थांबला.

शमाल सुटला तो जूनचा शेवट असावा. वायव्येकडचा हा वारा सांगून येत नाही. आम्ही किनाऱ्यावर एक मोठे शीड अंथरले होते, कडांना दगड ठेवून, आणि कासम मधोमध बसून शिवीत होता. वारा कापडाखाली शिरला. दगड उडाले. शीड उठले, एखादे जनावर उठावे तसे, आणि कासमला आत गुंडाळून पाण्याकडे निघाले. आम्ही धावलो. कापड हातातून निसटत होते. आत माणूस आहे हे केवळ उंचवट्यावरून कळत होते.

आणि मागून आवाज आला.

"बाबा."

मी तसा आवाज त्यापूर्वी ऐकला नव्हता. तो खाडी ओलांडून गेला असावा. पाणीवाल्याचे गाढव जागच्या जागी थांबले. गलबतांवरची माणसे वळली. जोहरा दुकानाच्या दारात उभी होती, डोक्यावरून कपडा सरकलेला, आणि तिने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा, धावत, पडत, शिडाच्या काठावर स्वतःला टाकून देत. तिच्या वजनाने कापड दबले. आम्ही बाकीचे त्यावर पडलो.

वारा कापडाबाहेर वाहत होता. ती एकदम थांबली. हात तोंडावर गेला. तिने किनाऱ्याच्या एका टोकाकडे पाहिले, मग दुसऱ्या. माणसे आपापल्या जागी होती. कोणी उठून कुठे गेले नाही. कोणी तिचे नाव विचारले नाही. गाढव चालू लागले.

मामू वाळूत बसले होते. त्यांच्या दाढीत वाळू होती.

"एवढा आवाज घरात होता," ते म्हणाले, "तर मी चार वर्षं खोकत का बसलो?"

शिडाच्या आतून कासम हसला. चार वर्षांत आम्ही पहिल्यांदा ऐकलेले ते हसणे जाड कापडातून आले, विहिरीतून यावे तसे. मग ती हसली. मग रडली. त्यात मी वेळ घालवीत नाही.

पुढच्या हिवाळ्यात, गलबते गेल्यावर, माझा आणि जोहराचा निकाह झाला. कासम लाल कापडाला शेवटपर्यंत शिवला नाही. निकाहाची ओढणी म्हणून हिरवी आली.

आमच्या लोकांत बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. शेजारणी जोहराचे कौतुक करीत. आफ्रिकेत वाढलेली, शिकलेली, आणि तरी किती अदब. मी ते ऐकून घेत असे. घरी आल्यावर ती दार लावी, खिडकी लावी, पडदा ओढी, आणि मग माझे नाव घेई. स्पष्ट, पूर्ण, बापाच्या नावासकट. नावे उघड्या खिडकीशी घ्यायची नसतात, असे तिचे म्हणणे होते. मुलांनाही ती बाहेर नावाने हाक मारीत नसे, टाळी वाजवी. मुलगा मोठा झाल्यावर तिला समजावी, आता कशाला, मॉम. ती त्याच्याकडे दयेने पाही.

शेवटची वर्षे आम्ही नातवाच्या घरी काढली, सिलिकॉन ओएसिसमधल्या एका उंच इमारतीत. तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. काच पक्की बसवलेली आहे आणि आत दिवसरात्र थंड हवा सुटलेली असते. मला तिथे गुदमरते. तिला ते घर आवडले. तिथे ती स्वयंपाकघरातून मला नावाने हाक मारी, आवाज चढवून, चहा निवला म्हणून. नातसून चकित होई. तो आवाज उतरला होता, पण किनाऱ्यावरचाच होता.

आता ती हाक बंद झाली आहे. चहा निवतो.

रिवाज पुरुषालाही लागू आहे. मी तिचे नाव चारचौघांत कधी घेतले नाही. त्या दिवशी मी त्या खोलीत चंदलच्या काठ्यांखाली उभा होतो. खिडकीला आता तावदान नाही; नुसते भोक आहे, आणि त्यातून खाडी दिसते. दार सताड उघडे होते. बाहेर रखवालदार, मजूर, रस्त्यावरून जाणारी माणसे.

मी तिचे नाव घेतले. माझ्या वयाला जमेल तेवढ्या मोठ्याने.

नातू गाडीपासून धावत आला. "दादा, डिड यू कॉल समवन?"

"हो," मी म्हणालो.